फुकटचा पहिला भाग

त्या गेमबद्दल चांगलं लिहिणारे लोक नेटवर पुष्कळ आहेत. कोणी लिहितो, माझं बालपण परत आलं. कोणी लिहितो, आताच्या गेममध्ये ती मजा नाही. बहुतेक जण बाहेरदेशातले आहेत आणि त्यांच्या घरी तेव्हा कॉम्प्युटर होता, वडिलांच्या टेबलावर, रंगीत. त्यांना तो गेम आवडला, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण त्या गेमच्या भरवशावर कोणी आपलं पुढचं शिक्षण लावलं होतं, हे त्यातल्या एकानंही लिहिलेलं नाही. कसं लिहितील? म्हणून मी लिहिते. मागच्या उन्हाळ्यात मी तो गेम तिन्ही भागांसकट पूर्ण खेळले आहे. त्यामुळे बोलायचा अधिकार मला आहे.

गेमला इंग्रजी नाव होतं, ते आम्ही कधी घेतलं नाही. पाठीवर पोतं घेतलेला एक बुटका माणूस खाणीत उतरतो, फळ्यांवरून उड्या मारतो, चाब्या गोळा करतो, दारं उघडतो. आम्ही त्याला पोतेवाला म्हणायचो. "लाव पोतेवाला," म्हटलं की समजायचं.

आमचं गाव हिंगणी. क्लास सेलूला, बी-बियाण्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. बारावीची परीक्षा झाली होती. मी आणि माझी मैत्रीण एसटीनं जायचो. ती गोंडांच्या घरची. घरात त्यांची गोंडी चालायची, बाहेर ती आमच्यासारखीच बोलायची, आणि बोलण्यात मला हार जायची नाही. तिचे वडील जंगलाच्या कामावर रोजीनं जात. माझ्या घरी शेती. दोघींच्याही घरात कॉलेजची पायरी कोणी चढलेलं नव्हतं. पुढे ती मी चढले आणि पदवी घेऊनच उतरले. हे मी कुठंही सांगते, इथंही सांगते.

क्लासच्या बाहेर पाटी होती : मुलींसाठी पहिला टप्पा मोफत. पहिला टप्पा म्हणजे टायपिंग आणि काळ्या पडद्यावरच्या कमांडा. पुढे पूर्ण कोर्स, त्याला फी, आणि सर्टिफिकेट फक्त पूर्ण कोर्सचं. तिच्या वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, फुकट हाये तवर जाय, मंग पाहू. आमच्याकडे 'मंग पाहू'चा अर्थ सगळ्यांना माहीत असतो.

चपला जिन्यात काढायच्या. खोलीत मशिनी, त्यांच्यावर फुलाफुलाच्या कापडाच्या खोळी. मशिनी नागपूरहून जुन्या आणलेल्या, पडदे काळे-पांढरे. एका मशीनवर दोघी, हा तेव्हाच्या सगळ्याच क्लासचा कायदा. अर्धा वेळ हिचा, अर्धा तिचा. टायपिंग संपलं की शेवटची पंधरा मिनिटं सर गेम लावू द्यायचे. हात बसतो म्हणायचे. पंधरा मिनिटांचे दोन तुकडे केले तर कोणाच्याच पदरात काही पडत नाही. म्हणून आम्ही वेळ वाटून घेतला नाही, कीबोर्ड वाटून घेतला. बाणाची बटनं उजवीकडे, ती तिची. उडी आणि दगड मारायची बटनं डावीकडे, ती माझी. ती चालवायची, मी उडवायची. पोतेवाला फळीच्या टोकाशी आला की ती 'हं' म्हणायची आणि मी बटन दाबायची.

आम्हाला खरंच वाटायचं की गेम असाच आहे, दोघांसाठी. चालणं एका टोकाला आणि उडणं दुसऱ्या टोकाला ठेवलं म्हणजे समोर दोन माणसं बसणार, हे बनवणाऱ्यानं धरूनच ठेवलं असणार. एकटा माणूस दोन्ही हातांनी खेळतो, हे आमच्या डोक्यात आलं नाही. एकटा माणूस मशीनसमोर बसलेला आम्ही पाहिलाच नव्हता. सरसुद्धा बसले की मागं चार जण उभे असायचे.

आता त्या दिवसाचं. मुलांची बॅच सुटत होती, आमची बसत होती. एक मुलगा म्हणत होता की मी हा गेम संपवणारच. सर खुर्चीवरून सगळ्यांदेखत म्हणाले, "जो हा गेम संपवून दाखवील, त्याची पूर्ण कोर्सची फी माफ." मुलं हसली. सरही हसले. माझी मैत्रीण हसली नाही. सुटल्यावर जिन्यात चप्पल घालता घालता तिनं मला विचारलं, "सर खोटं बोलतीन काय वं?"

मी म्हटलं, सर होय तो, खोटं कायले बोलन.

तिथून पुढे आमचा गेम हा गेम राहिला नाही. टायपिंग आम्ही भराभर उरकायचो. दुपारच्या उन्हात लवकरची एसटी धरायची, कारण आधीची बॅच लवकर उठली तर दहा मिनिटं जास्तीची मिळायची. पंधरा मिनिटांत जे व्हायचं ते ती बसमध्ये परत बोलून काढायची. त्या हलत्या पाळण्याखाली वटवाघूळ हाये, ते गेल्यावर दोन दम थांबायचं, मंग मी हं म्हणन. तिकीट काढताना कंडक्टरनं एकदा विचारलं, कोणत्या वटवाघळाचं बोलून राह्यल्या? ती म्हणाली, तुमच्या डेपोतल्या.

गेममध्ये चांगलं काय होतं, तेही सांगते, नाहीतर म्हणाल नुसती कडू बोलते. त्या मरतुकड्या मशीनवर तो न अडखळता चालायचा. एका फ्लॉपीत मावायचा. खाणीतल्या खोल्या कोणत्याही क्रमानं करता यायच्या, एक जमली नाही की दुसरीत जा. मेलं तर त्याच खोलीच्या दारात परत उभं करायचा, पार सुरुवातीला नेऊन टाकायचा नाही. आणि जिथपर्यंत आलो तिथं जपून ठेवता यायचं. दिवसातून दोनदा लाईट जाणाऱ्या गावात याची किंमत काय, ते बाहेरदेशातल्या लोकांना समजणार नाही. लाईट गेली की खालच्या दुकानातला पंखा बंद पडल्याचा आवाज आधी यायचा. तो आला की ती माझ्या हातावर हात मारायची आणि मी जपून ठेवायचं बटन दाबायची. मशिनींना जोडलेली बॅटरी तेवढाच वेळ द्यायची.

उणिवाही मोजून सांगते. उडीचं माप एकच. हवेत गेला की गेला, मागं वळत नाही. आपण कुठं टेकणार हे उडी मारायच्या आधी दिसत नाही, कारण पोतेवाला पडद्याच्या पार काठाशी गेल्याशिवाय पुढचं चित्र सरकत नाही. म्हणजे आधी उडी मारायची आणि मग खाली सुळे आहेत हे पाहायचं. याला कसब म्हणत नाहीत, याला पाठांतर म्हणतात. मारलेलं वटवाघूळ पाठ फिरवली की परत. आवाज एकच, भिंतीवर खिळा ठोकल्यासारखा. आणि चाब्या रंगाच्या. लाल चाबी लाल दाराला, हिरवी हिरव्याला. आमच्या पडद्यावर सगळ्याच राखाडी. कोणती चाबी कोणत्या खोलीत सापडली होती, यावरून तिनं दारं लक्षात ठेवली होती. मागच्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा तो रंगात पाहिला. पोतेवाला जांभळा निघाला. जांभळा माणूस आणि गुलाबी दगड. आमचा काळा-पांढराच बरा दिसायचा.

मोफतचा टप्पा संपत आला तेव्हा एकच खोली राहिली होती. त्यात पाणी वर चढत जातं आणि पोतेवाल्याला पाण्याच्या आधी वर पोचायचं असतं. चालणारीनं थांबायचं नाही आणि उडवणारीनं चुकायचं नाही. त्या खोलीनं आम्हाला पार रडवलं. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी ती शेवटी शेवटी 'हं' म्हणतही नव्हती. तिचा खांदा हलला की मला कळायचं.

पोतेवाला वर आला. खाणीचं तोंड, बाहेर उजेड, लांब डोंगरावर एक किल्ला. तो पोतं घेऊन उभा राहिला आणि पडद्यावर मोठ्या अक्षरात काँग्रॅच्युलेशन्स आलं. हा शब्द आम्हाला येत होता, बारावीच्या पुस्तकातच होता. मैत्रीण उठून उभी राहिली. खुर्ची मागं पडली. ती सरांना बोलवायला गेली नाही, तिथूनच म्हणाली, "सर, संपला."

सर आले. चष्मा वर करून पाहिलं आणि एक बटन दाबलं. दुसरा पडदा आला. त्यावर पुष्कळ इंग्रजी, खाली अमेरिकेचा पत्ता, डॉलर. सरांनी वाचून सांगितलं की हा पहिला भाग झाला. एकूण तीन आहेत. हा फुकट वाटतात, पुढचे दोन विकत घ्यावे लागतात. या फ्लॉपीत ते नाहीत.

"मग संपला कुठं?" सर म्हणाले. "पुढचे दोन आणा, संपवा, फी माफ."

बाकीच्या मुली हसल्या. हसण्यात वाईटपणा नव्हता, तेव्हा आम्ही सगळ्याच सरांच्या बोलण्यावर हसायचो.

ती म्हणाली, "तुम्ही अगोदर काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही विचारलं नाही."

तिनं खुर्ची उचलून जागेवर ठेवली. मशीनवर खोळ घातली, तिच्या नाड्या बांधल्या. तेही काम रोज आम्ही वाटून करायचो, त्या दिवशी तिनं एकटीनं केलं. बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. बोरच्या जंगलाचा फाटा आला. मग म्हणाली, "आपण संपवला." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "त्यायच्या फ्लॉपीत जेवढा होता तेवढा सगळा संपवला. जे नव्हतंच, ते कुठून संपवू?"



पुढच्या महिन्यापासून मी एकटी गेले. माझ्या वडिलांनी पूर्ण कोर्सची फी भरली. कशी भरली ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. माझ्या शेजारी सेलूचीच एक मुलगी बसू लागली. तिला गेमचा कंटाळा होता. मी एकदा एकटीनं लावून पाहिला. उजवा हात बाणांवर ठेवला तर तो हात जणू दुसऱ्या कोणाचा. पोतेवाला पहिल्याच फळीवरून पडला. मी बंद केला. मग सर्टिफिकेट, मग वर्ध्याला कॉलेज, मग परीक्षा, मग नोकरी. आज तालुक्याच्या एका कार्यालयात दिवसभर कॉम्प्युटरसमोर असते. हे सगळं मी कष्टानं केलं आहे, कोणाच्या उपकारावर नाही.

त्यातलं ती काय काय करू शकली असती, हा हिशोब मी करत नाही. तो ज्यांनी करायला पाहिजे त्यांनी कधी केला नाही.

मागच्या वर्षी सरांच्या क्लासचा सोहळा होता. आता तो नुसता क्लास नाही, वर्ध्यात तीन मजली इमारत आहे, लिफ्ट आहे. पहिल्या बॅचची, खेड्यातून येऊन पदवीधर झालेली म्हणून मला स्टेजवर बसवलं. सर थकलेत, पण बोलतात अजून छान. बोलता बोलता त्यांनी आमची गोष्ट काढली. हिंगणीच्या दोन मुली, एक गेम, एक फी माफ. हात करून माझ्याकडे दाखवलं. मग म्हणाले, "आता सांगायला हरकत नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्या फ्लॉपीत पुढचं काही नव्हतंच. पण म्हटलं, त्या आशेनं पोरी येत तरी राहतील. यालाच आज तुम्ही मार्केटिंग म्हणता."

सभागृह हसलं. चांगलं मोकळं हसलं.

इतकी वर्षं मी धरून चालले होते की सरांनाही ते त्याच दिवशी कळलं, आमच्यासोबत. माणूस चेष्टेत बोलला, मग अडकला, मग त्यानं वेळ मारून नेली, असं. एवढी सूट मी त्यांना मनातल्या मनात देऊन ठेवली होती. ती त्यांनी माइकवर परत केली.

नंतर मला बोलायला उभं केलं. मी लिहून नेलेलं बोलले नाही. म्हटलं, "सर, त्या दिवशी पडद्यावर काँग्रॅच्युलेशन्स लिहून होतं. गेम बनवणाऱ्यानं मानलं, तुम्ही मानलं नाही. आम्ही दोघी होतो. एकीची फी माफ व्हायची अजून राहिली आहे."

लोकांना वाटलं मी सरांचीच गंमत पुढे नेत आहे. टाळ्या वाजल्या. सर उठले, माझ्या खांद्यावर शाल घातली, कानाजवळ म्हणाले, लक्षात ठेवलंस की. फोटो निघाला. फोटोत मी हसताना दिसते. ते हसणं माझं नाही, फोटोवाल्यानं सांगितलेलं आहे.

घरी आल्यावर मी तो गेम शोधला. आता तिन्ही भाग फुकट आहेत, कोणीही घ्यावेत. मी ठरवलं की पूर्ण खेळायचा, एकटीनं, दोन्ही हातांनी, आणि पाहायचं की त्या पुढच्या दोन भागांत असं काय होतं ज्याच्यावर एका मुलीचं शिक्षण अडलं. सुट्टीच्या दुपारी बसायची. बोटांना शिकवायला वेळ लागला. कितीदा तरी मी स्वतःच मोठ्यानं 'हं' म्हणायची आणि मगच माझा डावा हात हलायचा.

तर ऐका. दुसऱ्या भागात जंगल आहे. म्हणजे त्याच फळ्या, त्यांना पानं चिकटवली आहेत. वटवाघळाला चोच काढून पक्षी केलं आहे. तिसऱ्या भागात किल्ला, आणि त्यातल्या निम्म्या खोल्या खाणीतल्याच, उलट्या करून ठेवलेल्या. पाणी चढण्याच्या खोलीसारखं काहीही परत येत नाही. बनवणाऱ्याचा जीव पहिल्या भागातच ओतून झाला होता. साहजिक आहे, विकायचं असतं तेच वर मांडतात. संत्र्याच्या टोपलीत वरचा थर पाहून घेणारे आम्ही लोक, आम्हाला तरी हे कळायला पाहिजे होतं. आणि शेवट? किल्ल्याच्या गच्चीवर पोतेवाला उभा राहतो. पोतं उघडत नाही. इतकं फिरून त्यात काय होतं, ते सांगत नाही. पडदा बदलतो आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या नव्या गेमची जाहिरात येते. पत्ता, डॉलर. पहिला भाग फुकट.

लॅपटॉप घेऊन मी हिंगणीला गेले. माझी मैत्रीण बोरच्या जंगलात गाईड आहे. पाहुण्यांच्या जिप्सीत ड्रायव्हरच्या बाजूला बसते, काय कुठं दिसेल ते सांगते. फेरी मिळाली तर रोज, नाही मिळाली तर बसून. तिकिटाच्या खिडकीवर कॉम्प्युटर आला तेव्हा पगारी माणूस पाहिजे होता. तिनं अर्ज केला होता. तिथं कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट लागत होतं. ती खिडकी तिच्या बाकापासून चार पावलांवर आहे, आत एक मुलगी बसते, माझी मैत्रीण तिला पाण्याची बाटली भरून देते.

दुपारची वेळ होती, फेऱ्या बंद होत्या. बाकावर बसून मी तिला सोहळ्याचं सांगितलं. सरांना आधीपासून माहीत होतं, हेही सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "मले तर तवाच वाटलं होतं. त्यायनं वाचल्याबिगर बटन दाबलं. ज्याले माहीत नसते, तो अगोदर वाचते."

मग विचारलं, "तू काय म्हणाली?"

मी सांगितलं.

"मंग सर काय म्हणाले?"

"हसले. शाल देली."

"कोणाले?"

"मले."

तिनं मान हलवली. मी लॅपटॉप उघडला, बाणाची बटनं तिच्याकडे येतील असा बाकावर ठेवला आणि म्हटलं, तिन्ही भाग आहेत, मी सगळे केले, पण ते पाण्याचं आपण परत करू, रंगात. तिनं पडद्याकडे पाहिलं. जांभळा पोतेवाला खाणीच्या तोंडाशी उभा होता, पाय हलवत.

"शेवटी काय होते याचं?"

मी सांगितलं की शेवटी दुसऱ्या गेमची जाहिरात येते.

आता ती हसली, आणि ते हसणं मला सभागृहातल्या हसण्यापेक्षा जड गेलं. "म्हणजे तो संपतच नाई," ती म्हणाली. "मंग आपण केला तोच शेवट होता. सरले काय म्हणाचं ते म्हणू दे."

मी म्हटलं, तरी एकदा खेळून पाह्य. फक्त ती खोली.

"संपलेला खेळ काऊन खेळू वं? आपला तर झाला तो." तिनं बटनांना हात लावला नाही. पलीकडे एक जिप्सी गेटशी येऊन लागली होती आणि ड्रायव्हर हातानं बोलवत होता. ती उठली, टोपी घातली. मी लॅपटॉप बंद करून कापडात गुंडाळू लागले, तर ती थांबली आणि कापडाचा काठ दोन बोटांत धरून पाहिला.

"हेच शाल काय?"

"हो."

"बरी हाये," ती म्हणाली. "धूळ नाई जात आत." आणि जिप्सीकडे गेली.